दोन्ही बॉक्स चालू असताना

४ जानेवारी, रविवार
सकाळी ७ वाजून ४० मिनिटे

दादा,

हे लिहायला बसण्याआधी मी डाव्या स्पीकर-बॉक्सच्या पाठीचे आठ स्क्रू काढत होतो. सहा निघाले, दोन गंजले आहेत, त्यांत तेल सोडून ठेवलं आहे. निघालेले सहा ताटलीत, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं मांडलेत, म्हणजे लावताना ज्याचा तो आपापल्या भोकात जाईल. आई म्हणाली, "पंगतीला बसवलेत का स्क्रू?" तेल मुरेपर्यंत वेळ आहे, म्हणून पत्र.

मी बारक्या. अक्षर ओळखू येणार नाही, सहा वर्षांत बदललं. मी औषधांच्या घाऊक दुकानात कामाला आहे. खोक्यांवर नावं-पत्ते घालतो. तिथं एक अक्षर चुकलं तर भलतंच औषध भलत्या गावी जातं, म्हणून लिहिलेलं प्रत्येक वाक्य दोनदा वाचायची सवय लागली आहे. शाळा नववीत सुटली. कशी सुटली ते आता सांगण्यात अर्थ नाही.

तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस.

कारण असं की बाबांचे डोळे गेले. काचबिंदू होता, आणि त्यांनी दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. वजनकाट्यावरची नोकरीही त्यापायीच सहा महिन्यांपूर्वी सोडावी लागली. ट्रकचं वजन वाचताना आकडा चुकला, आणि तो ट्रकवाल्यानं दाखवून दिला. आता त्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो. दिवसभर खिडकीशी बसतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, "माळ्यावरचा सेट काढ. आता कानच राहिलेत." तो गाण्यांचा सेट तू गेलास त्या दिवसानंतर कुणी लावला नव्हता.

काढला, पुसला, जिथं होता तिथंच ठेवला, लावला. फ्यूज चांगला आहे. दोन्ही बॉक्स वाजतात. खरखर नाही. पण जे तेव्हा होतं ते अजून आहे. वाद्यं ऐकू येतात, गाणारा माणूस मात्र समोर नसतो. तो भिंतीच्या पलीकडे कुठंतरी उभा राहून गातो. खर्ज तर नाहीच. बातम्या लावल्या तर वाचणारा विहिरीत बसल्यासारखा. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर. करणारा करून गेला."

मला यातलं काही येत नाही. तुला येतं. बॉक्समधला स्पीकर खराब असेल तर बाहेरून काय दिसतं, एवढंच कळव. उत्तरासाठी कोरं जोडकार्ड सोबत पाठवतोय.

बारक्या

१८ जानेवारी, रविवार
दुपारी ३ वाजून १० मिनिटे

दादा,

उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर असेल असं धरून लिहितोय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. स्पीकर खराब आहे का हे बघायला मी बॉक्स उघडला नव्हता. तू तो बदलला होतास का, हे बघायला उघडला होता.

त्या आठवड्याचं मला जे आठवतं ते लिहून काढतो. चुकलं असेल तर तू दुरुस्त कर. खोलीला रंग द्यायचा होता म्हणून सेट खाली काढला होता. त्याच्या चार दिवस आधी तू तो उघडून आतली धूळ काढली होतीस. रंग झाला, सेट परत लागला, संध्याकाळी बाबांनी लावला आणि आवाज असा पोकळ आला. तुझ्या पायांत नवे बूट होते. बाबांनी आधी आवाजाचं विचारलं आणि मग बुटांचं. तू म्हणालास, पगारातून घेतले. बाबा सेट डोक्यावर घेऊन तू कामाला होतास त्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. बॉक्स घरीच होते. दुकानातल्या बॉक्सांवर सेट खणखणीत वाजला. दुकानदार म्हणाले, यात काही बिघाड नाही. बाबा म्हणाले, "मग बॉक्समधला माल बदललाय. अस्सल काढून विकला, फुसका बसवला. आणि मालक-नोकर दोघं मिळून मला वेड्यात काढताय." आठ-दहा गिऱ्हाइकं होती, असं आई म्हणते. चोर हा शब्द तिथं उच्चारला गेला. घरी आल्यावर तुला सेटाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

मी तेरा वर्षांचा होतो. मला वाटलं, बाबा काट्यावरचे, त्यांचा आकडा कधी चुकला नाही, तेव्हा हाही चुकला नसेल. मी सहा वर्षं तेच धरून चाललो. तू आम्हाला सोडून गेलास याचा राग होता, त्याला हे कारण सोयीचं होतं.

आता बघ. आईच्या पत्र्याच्या डब्यात सेटाचं हमीपत्र आहे. त्यावर दोन्ही स्पीकरांचे क्रमांक आहेत. मी दोन्ही बॉक्स उघडले. स्पीकरांच्या पाठीवर तेच क्रमांक आहेत, दोन्हीकडे, सगळे आकडे. मी तीनदा जुळवले. मग आईला मोठ्यानं वाचायला लावून चौथ्यांदा. स्पीकर कुणीच बदलले नाहीत.

आई डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. म्हणाली, "एवढं माझ्या डब्यात होतं होय?" मग म्हणाली, "त्यांना लगेच सांगू नकोस. आवाज अजून तसाच आहे. ते म्हणतील क्रमांकही खोटे."

खरं आहे. ते तसंच म्हणतील. म्हणून आवाज नीट करायचाच. स्पीकर अस्सल असतील तर दोष सेटात असणार. आता सेट उघडतो.

बारक्या

१ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ११ वाजता

दादा,

मी सेट उघडला, आणि बिघडवला.

सेटात मोठे दोन कंडेन्सर आहेत, त्यांतल्या एकाचं डोकं जरा फुगल्यासारखं वाटलं. फुगलेला कंडेन्सर बदलावा एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. दोन नवे आणले, सोल्डरगन आणली, काल संध्याकाळी बसवले. एक उलटा बसला. त्याच्या अंगावर एका बाजूला पट्टा असतो आणि ती बाजू वजा, हे मला ठाऊक नव्हतं. मी छापील अक्षरं समोर दिसतील अशा बाजूनं बसवला. वीज सुरू केली, दहा सेकंद गेले, आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. धूर, आणि जळक्या माशासारखा वास.

बाबा खिडकीजवळून ताडकन उठले. "काय फुटलं?"

"काही नाही बाबा. ग्लास."

"कुणाला लागलं?"

"नाही."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. बराच वेळ. मग बसले.

आज सकाळी मी सेट पिशवीत घालून दुकानात गेलो. तुझ्या दुकानात. डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर दुसरा चष्मा लावून काम करतात ते दुकानदार काका, गिऱ्हाइकं त्यांना डबलकाका म्हणतात, तुला ठाऊकच आहे. तुझा पत्ताही त्यांनीच दिला. लपवून काही उपयोग नव्हता, तू ओळखलं असशील. डिसेंबरात मी गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "पत्ता देतो, पण त्याला आणखी काही ऐकवायला लिहिणार असशील तर देवाशपथ तुझ्या हातावर सोल्डर ओतीन."

आज त्यांनी वरचा चष्मा कपाळावर सरकवून सेटात पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"मी."

"छान. मुहूर्तालाच बार." मग कंडेन्सर उपटत म्हणाले, "हे बघ, अधिक आणि वजा. निम्मे नवशिके इथंच मरतात, उरलेले निम्मे घाईनं. तू कुठल्या निम्म्यातला?"

मी म्हटलं, "मी घाई करत नाही."

"मग तू पहिल्या निम्म्यातला. बरा होशील."

त्यांनी नवा बसवला आणि त्यांच्या बॉक्सांवर सेट लावला. गाणारा माणूस टेबलावर येऊन बसल्यासारखा वाजला. ते म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी तुझ्या बापाला हेच दाखवलं होतं."

घरी आणून लावला. पुन्हा भिंतीपलीकडे.

दुकानात नीट आणि घरी नाही. दादा, मला आता खरोखर भीती वाटायला लागली आहे. दोष सेटात नाही, स्पीकरात नाही. मग तो आहे कुठं? खोलीत? आमच्यात? एक तरी ओळ लिही.

बारक्या

११ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटे

दादा,

तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. खुशाली नाही, सही नाही, पण अक्षर तुझंच. मी ते कामावर, खोक्यांमागे उभं राहून वाचलं. पाठ झालंय तरी समोर ठेवून लिहितो, म्हणजे शब्द बदलायला नको:

"आणखी काही उघडू नकोस. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवून ऐक, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर. एकेकटा नीट वाजत असेल आणि मध्यावर बिघडत असेल, तर दोन्ही बॉक्स एकमेकांचा आवाज खोडताहेत; एका बॉक्सच्या दोन वायरींची अदलाबदल कर. फक्त एकाच बॉक्सच्या. सेट आणि बॉक्स यांमधल्या वायरी शेवटच्या कुणी जोडल्या होत्या?"

घरी आलो. बाबा आईबरोबर बाहेर फेरी मारायला गेले होते. डावीकडे फिरवलं: नीट. उजवीकडे: नीट. मध्यावर आणलं आणि गाणारा माणूस नाहीसा झाला.

उजव्या बॉक्सच्या दोन वायरी काढल्या, उलट्या लावल्या. एक मिनिटही लागलं नाही. तो परत आला. दोन बॉक्सांच्या बरोबर मधे, जिथं काहीच नाही तिथं, उभा राहून गायला लागला. खर्ज इतका की खिडकीची काच हलली.

मग तुझा प्रश्न उरला.

मी जोडल्या होत्या.

रंगाच्या दिवशी तू दुकानात होतास. बाबा कामावर. मी शाळेतून आलो, खोली रिकामी होती, सेट कोपऱ्यात. सगळं जागच्या जागी लावून ठेवलं तर बाबा खूश होतील असं वाटलं. प्रत्येक बॉक्सला दोन वायरी, सेटाच्या पाठीला चार भोकं. डाव्याच्या डावीकडे, उजव्याच्या उजवीकडे, एवढं मी बरोबर पाहिलं. एकाच बॉक्सच्या दोन वायरींत फरक असतो हे मला कुठं ठाऊक? दोन्ही वायरी एकाच रंगाच्या. चालू करून पाहिलं, दोन्हींतून आवाज आला. म्हणजे बरोबर, असं मी समजलो. बाबा आल्यावर म्हणाले, "बघा, बारक्यानं न सांगता सगळं लावलं." माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी सहा वर्षं जपून ठेवली होती, दादा. त्यानंतर अर्ध्या तासात त्यांनी गाणं लावलं आणि तुला हाक मारली.

आणि आता माळ्यावरून काढल्यावर मी सेट लावला तोही तसाच. वायरी वाकून वाकून ज्या आकाराच्या झाल्या होत्या त्याच भोकांत मी त्या घातल्या. काळजीपूर्वक.

बाबा आले तेव्हा मी सेट बंद केला होता. अजून काही बोललो नाही. रविवारी बोलेन.

बारक्या

१५ फेब्रुवारी, रविवार
दुपारी १ वाजता

दादा,

मी आज जे केलं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यासारखं नाही, म्हणून मीच लिहितो. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

सकाळी दहाला सेट लावला. बाबा खिडकीशी. पहिल्या ओळीलाच त्यांनी मान वळवली. मग खुर्ची चाचपत, फरफटत, दोन बॉक्सांच्या मधे आणली. पूर्ण गाणं ऐकलं. दुसरं ऐकलं. त्यांच्या डोळ्यांना आता काही दिसत नाही, पण पाणी येतं.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

हाच तो क्षण होता. मी वाक्य तयार केलं होतं. चार दिवस, खोकी भरताना, तेच घोकत होतो. "बाबा, वायरी मी उलट्या लावल्या होत्या." इतकं सोपं.

मी म्हटलं, "एक पार्ट गेला होता. बदलला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी बुधवारीच सगळं सांगितलं होतं. ती आत निघून गेली.

बाबा हसले. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नाही. मग हसू गेलं आणि ते म्हणाले, "म्हणजे त्यानं आत घातलेलाच पार्ट. मी म्हणत नव्हतो? मला उगाच वाटायचं कधी कधी, की आपलं चुकलं असेल. रात्र-रात्र वाटायचं. बरं झालं तू शोधलंस."

ऐकलंस ना? त्यांना शंका होती. सहा वर्षं ती त्यांना खात होती, आणि मी ती आज काढून घेतली. तू आज पहिल्यापेक्षा पक्का चोर झालास, आणि ते माझ्या एका वाक्यानं.

जेवताना आईनं मला वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एका पोराला मी गप्प राहून घालवलं. दुसऱ्याच्या वेळी राहणार नाही. आठ दिवस देते."

मला कशाची भीती वाटते ते मी शोधून पाहिलं. ते मारणार नाहीत, हाकलणार नाहीत. त्यांना मीच लागतो, बाहेर जायला, पत्रं वाचायला. भीती याची की ते माझ्याकडे तोंड करतील आणि मला काय वाटतंय ते त्यांना दिसणार नाही. मला ते सगळं बोलावं लागेल.

बारक्या

२२ फेब्रुवारी, रविवार
संध्याकाळी ५ वाजून ५० मिनिटे

दादा,

सांगितलं. जसं झालं तसं लिहितो.

सकाळी साडेनऊला मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो."

"ग्लासाचं ना? मला ठाऊक आहे. ग्लास फुटला की तुझी आई बोलते. त्या दिवशी घरात कुणीच बोललं नाही."

"ते नाही. पार्टाचं. कुठलाच पार्ट गेला नव्हता." आणि मग न थांबता सगळं. रंगाचा दिवस, चार भोकं, हमीपत्रावरचे क्रमांक, तुझं कार्ड. कार्ड वाचूनही दाखवलं. शेवटी म्हटलं, "दादानं वायरींना हातही लावला नव्हता. मी लावला होता."

ते हात पुढे करून म्हणाले, "वायर दे."

मी उजव्या बॉक्सची वायर त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी ती चिमटीत धरून टोकापासून वर सरकवली. मग दुसरी. "या एकीला कड आहे," ते म्हणाले. "बारीक उंचवटा. सगळीभर." मी पाहिलं. खरंच होती. वायरीच्याच रंगाची म्हणून दिसत नव्हती, पण बोटाला लागत होती. सहा वर्षं ती वायर स्वतःच सांगत होती की आपण कुठली.

"आता तू जोड. कशी जोडलीस ते मला सांगू नकोस."

मी जोडली, गाणं लावलं. ते म्हणाले, "उलटी." काढली, पुन्हा जोडली. "सुलटी." मुद्दाम दोनदा तशीच ठेवली. "तशीच आहे, बदलली नाहीस." अकरा वेळा. अकराही वेळा बरोबर. काट्यावर ते गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलायचे, मगच सही करायचे. तसे बसले होते, मान खाली, हात गुडघ्यांवर. अकराव्यांदा म्हणाले, "पुरे."

मग विचारलं, "त्याला त्या दिवशी सेटाला हात लावू दिला असता तर किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "एक मिनिट."

"चप्पल दे."

आई म्हणाली, "आता कुठं? रविवार आहे, दुकानात माणसांवर माणसं असतील."

"म्हणूनच."

मी हात धरून नेलं. डबलकाकांच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं होती, मी मोजली. बाबा फळीला हात लावून उभे राहिले आणि काट्यावर ड्रायव्हरांना ऐकू जावं म्हणून बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी इथं उभं राहून मी माझ्या थोरल्याला चोर म्हटलं, आणि तुम्हाला त्याचा साथीदार. दोन्ही खोटं होतं. बिघाड माझ्या घरात होता. तेव्हाचं कुणी इथं असेल तर ऐका. नसेल तर कुणी भेटल्यास सांगा."

मिक्सर घेऊन आलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, ते ठीक आहे, पण माझा नंबर आधी होता." एक बाई त्यांच्यावर खेकसल्या, "गप बसा हो! आजोबा, तुम्ही बसा." बाबा बसले नाहीत.

डबलकाकांनी एक चष्मा काढला, मग दुसराही. चष्म्याशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. म्हणाले, "वायरी?"

"वायरी," बाबा म्हणाले.

"आणि मी सहा वर्षं विचार करतोय. मी तुमच्या घरी येऊन बघायला हवं होतं. रागात आलो नाही. नुसत्या सेटावरून बिघाड नाही म्हणून सांगून मोकळा झालो. एवढी माझीही चूक धरा." मग खालच्या खणातून एक पाकीट काढलं. "त्याचा शेवटच्या महिन्याचा पगार. न्यायला आलाच नाही. तुम्ही मागायला आला असतात तर दिला नसता."

बाबांनी हात पुढे केला नाही. "आताही मला देऊ नका. बारक्या मनिऑर्डर करेल."

येताना कोपऱ्यावर मी विचारलं, "दादाला काय लिहू?"

"जे झालं ते लिही. ये म्हणून लिहू नकोस."

"का?"

"ये म्हटलं की त्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल. मी त्याला आणखी काही करायला लावणार नाही. आणि माझ्या नावानं क्षमाबिमा काही मागू नकोस, ती मी दुसऱ्याच्या अक्षरात मागणार नाही." थोडं चालून म्हणाले, "मोठा कागद आहे का घरात? आणि जाड शाईचं काही? ओळी वाकड्या जातील माझ्या."

ते आता टेबलाशी बसलेत. आईनं ओळ सरळ राहावी म्हणून कागदावर पट्टी धरली आहे. एक ओळ झाली की ती पट्टी खाली सरकवते. मी तिकडे बघत नाही. ते झालं की याच पाकिटात घालेन.

माझी क्षमा मी माझ्याच अक्षरात मागतो. "मला ठाऊक नव्हतं" हे म्हणणं तेरा वर्षांच्या मुलाला चालतं. पण पंधरा तारखेला मला ठाऊक होतं. ती एक गोष्ट तेवढी लहानपणात घालू नकोस.

हिशेब देतो, कारण मला त्याशिवाय पत्र पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

खर्च: कंडेन्सर तीन (एक फुटला), १०५. सोल्डरगन, १८०. सोल्डरतार, ४०. गंजावर तेल, २५. टपाल, ३०. एकूण ३८०. यातलं टपाल सोडून काहीच लागायला नको होतं.

दुरुस्तीचा खर्च: काही नाही.

देणं: तुझा पगार, ९५०. उद्या सकाळी दहाला टपाल कार्यालय उघडलं की पाठवतो. मनिऑर्डरचे पैसे माझे.

आणखी देणं: सहा वर्षं एक महिना. ही ओळ मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. पुढं आकडा घातलेला नाही. तो तू घाल.

बारक्या